बहिणीसाठी घेतलेलं डिक्टेशन

शॉर्टहँड मी आवडीने शिकले नाही. मॅट्रिक झाले तेव्हा बोईसरला एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि आमच्या सातपाटीत जो तो सांगत होता, की टायपिंग आणि शॉर्टहँड येणाऱ्या मुलीला तिकडे पंख्याखाली खुर्ची मिळते. आई पालघरच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाची मुलगी अशीच नोकरीला लागली होती. आईने त्या बाईच्या पिशवीत एक पापलेट जास्त टाकलं आणि क्लासचा पत्ता घेऊन घरी आली. बाबा दुसऱ्याच्या बोटीवर तांडेल होते. बोट न्यायची-आणायची जबाबदारी त्यांची, बोट मात्र त्यांची नव्हती. मुलीने माशाच्या पाटीला हात लावू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. अशी मी एसटीने पालघरला जाऊ लागले.

क्लास स्टेशनजवळ एका किराणा दुकानाच्या वर होता. खालून गुळाचा आणि मिरचीचा वास यायचा. शिकवणाऱ्या सरांनी कोर्टात लघुलेखक म्हणून आयुष्य काढलं होतं. पेन्सिल धरून धरून त्यांच्या मधल्या बोटाला गाठ आली होती. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, की शॉर्टहँडमध्ये अक्षर लिहायचं नसतं, आवाज लिहायचा असतो. ‘प’ची रेघ पातळ, तीच दाबून काढली की ‘ब’. स्वर म्हणजे रेघेच्या कडेला एखादा ठिपका, आणि हात बसला की तोही गाळता येतो. शब्द कसा लिहितात ते विसरायचं, कानावर कसा पडला तेवढं धरायचं. सुरुवातीला मला ते सगळं कागदावर मुंग्या चालल्यासारखं दिसायचं. पुढे हाताला वळण लागलं. रस्त्याने जाताना कुणी काही बोललं, की माझं बोट आपोआप पदरावर फिरायला लागायचं.

धाकटी बहीण माझ्याहून बरीच लहान. आमच्या घरात आवाज असायचा तो तिचा. मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी भाषण कसं करतात, बंदरावर लिलाव पुकारणारा कसा अडखळतो, शेजारची काकू नवऱ्याला कशी हाक मारते, सगळ्यांच्या नकला तिला यायच्या. बाबा समुद्रावरून आले की जेवताना तिला समोर बसवायचे आणि आज काय नवीन म्हणून विचारायचे. मी क्लासला जाऊ लागले त्या वर्षी तिला खोकला लागला. तो जाईना, ताप येऊ लागला, आणि पालघरच्या सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढल्यावर क्षय निघाला.

रोज एक इंजेक्शन. आई बाजारात बसायच्या आधी तिला दवाखान्यात नेऊन आणायची. दोन्ही बाजूंना सुया टोचून टोचून तिला धड बसता येत नसे. पण खोकला कमी झाला, गालांवर थोडं मांस आलं, आणि आम्ही सगळे हलके झालो. त्याच सुमारास ती म्हणायला लागली की कानात कुणीतरी शिटी वाजवतंय. अशक्तपणा असेल, असं आम्ही धरलं. मग ती हाकेला ओ देईनाशी झाली. आजारपणात लाडावली, असं आई म्हणायची.

एकदा बाहेर बोंबील वाळत घालताना आई तिला मागून हाका मारत राहिली आणि शेवटी चिडून तिने तिच्या पाठीत धपाटा घातला. ती वळली. आईच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “आये, मोठ्यान बोल ना.”

आई मोठ्यानेच बोलत होती. शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली होती इतक्या मोठ्याने.

डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी आईला खुर्चीवर बसवून सांगितलं, की हे त्या इंजेक्शनानेच झालं. एखाद्याच्या कानाच्या शिरेला ते बाधतं, आणि गेलेली शीर पुन्हा येत नाही. पण इंजेक्शन दिलं नसतं तर मुलगी राहिली नसती. आई त्यांच्यावर रागावूही शकली नाही. मुलगी वाचवल्याबद्दल तिने त्यांना हात जोडले आणि बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन आम्ही कानाचं यंत्र लावून पाहिलं. बहिणीला त्यातून नुसती घरघर ऐकू आली. तिने ते ओढून काढलं आणि पुन्हा लावायचं नाव काढलं नाही.

शाळेत ती काही दिवस गेली. पहिल्या बाकावर बसायची. गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की तिला काहीच कळत नसे. मुलं हसली की ती पण हसायची, थोडी उशिरा. मग तिने जायचं सोडलं.

मी संध्याकाळी रेडिओवरच्या मराठी बातम्यांवर सराव करायची. बातम्या देणारा एका लयीत बोलायचा, ते हाताला बरं पडायचं. ती येऊन माझ्या खांद्याशी बसायची. तिला दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. एक दिवस तिने एका रेघेवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. मी बाजूला अक्षरात लिहून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तीच रेघ तिने दुसऱ्या पानावर ओळखली. मग रोज विचारायला लागली. मला तो तिचा खेळ वाटला. पण ती विसरत नव्हती. तिचे कान गेले होते, आवाज डोक्यात होतेच. रेघ बघितली की ओठ हलवून ती तो आवाज शोधायची. वर्षभरात असं झालं, की मी लिहीत असताना ती माझ्या खांद्यावरून वाचत असायची, आणि बातम्या संपल्या की आम्हा दोघींना त्या सारख्याच कळलेल्या असायच्या. छापलेल्या पुस्तकापेक्षा हे सोपं असं ती म्हणायची. पुस्तकात लिहिलेलं असतं, ह्यात माणूस बोललेला दिसतो.

मी क्लासच्या सरांना हे सांगितलं. त्यांनी तिला घेऊन यायला सांगितलं. ते बोलत गेले, मी लिहीत गेले, आणि ती त्यांच्याकडे न बघता माझ्या वहीतून वाचून त्यांना उत्तरं देत गेली. सर बराच वेळ चष्मा पुसत बसले. इतकी वर्षं कोर्टात जे लिहिलं ते साहेबांच्या फायलीत गेलं, असं काहीतरी ते म्हणाले. मला म्हणाले, की स्टेनोने बोलणं निवडायचं नसतं, ते ध्यानात ठेव.

त्याचा अर्थ मला लवकरच कळला. आत्या आली होती. ओटीवर आई आणि ती बोलत बसल्या होत्या, मी सराव म्हणून त्यांचं बोलणं टिपत होते आणि बहीण वाचत होती. कुणाच्या घरचं लग्न, कुणाच्या बोटीचं इंजिन, असं चाललं होतं. मग आत्याने बहिणीकडे मान वळवून विचारलं की हिचं पुढे काय. आई म्हणाली, की बहिऱ्या पोरीला कोण करून घेणार. कधी कधी वाटतं, देवाने तेव्हाच नेली असती तर ती सुटली असती.

माझी पेन्सिल थांबली. बहिणीने माझ्याकडे बघितलं. त्या गप्प बसल्यात, असं मी खुणेने सांगितलं. तिने आईकडे बघितलं. आईचे ओठ हलत होते.

“सगलं लिव,” ती म्हणाली. “तुला वाटंल तेवडंच नको लिऊ.”

मी लिहिलं. तिने वाचलं, उठली आणि बाहेर जाऊन वाळत घातलेले बोंबील पालटू लागली. आईला काही कळलं नव्हतं. मी केलं ते बरोबर की चूक, हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि अजूनही येत नाही. पण तिच्यासाठी लिहिताना त्यानंतर मी कधी काही गाळलं नाही.

मिनिटाला शंभर शब्दांची परीक्षा मी पास झाले आणि नोकरीच्या बोलावण्याची वाट बघत घरी होते. तेव्हा मी बहिणीच्या शाळेत गेले. मुख्याध्यापकांना म्हटलं, मला वर्गात तिच्याशेजारी बसू द्या, मी बोलणार नाही, नुसती लिहीन. त्यांना ते चमत्कारिक वाटलं, पण नाही म्हणायला काही कारण सापडेना. पोरं सुरुवातीला वळून वळून बघायची, मग सवय झाली. ते दोन-तीन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. गुरुजी बोलायचे आणि माझ्या हातातून ते तिच्यापर्यंत जायचं. मागच्या बाकावरचे पोरगे काय कुजबुजतात तेही मी लिहायची, आणि आता ती सगळ्यांच्या बरोबरीने हसायची. एकदा इतिहासाच्या तासाला गुरुजींनी प्रश्न टाकला आणि तिने हात वर केला. तिचा आवाज तोवर सपाट झाला होता, कुठे चढायचं आणि कुठे उतरायचं ते तिला कळेनासं झालं होतं. पण उत्तर बरोबर होतं. मला तेव्हा वाटलं की हेच माझं काम. ह्याला पगार कोण देईल, ह्याला काही नाव आहे का, हे ठाऊक नव्हतं.

मग बोटीवर दोर ओढणाऱ्या यंत्रात बाबांचा हात सापडला. हात राहिला, पण त्या हाताने पुन्हा जाळं ओढणं होणार नव्हतं. त्याच आठवड्यात बोईसरच्या एका कारखान्याचं बोलावणं आलं. जाऊ की नको, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. निघाले त्या सकाळी बहीण एसटी स्टँडवर सोडायला आली. शाळेची पिशवी तिने घरीच ठेवली होती. बस सुटल्यावर मला कळलं, की लिहून दाखवायला माझ्याकडे एक वाक्य पण नव्हतं.

कारखाना तारेच्या भेंडोळ्यांचा होता. मॅनेजर टेबलामागे फिरत फिरत इंग्रजीत पत्रं सांगायचे. माल उशिरा पोचल्याबद्दल, माल परत आल्याबद्दल, आपल्या अमुक पत्राच्या संदर्भात. मी दिवसभर ते टिपायची आणि टाइप करायची. शेडमधले कामगार आपसात हिंदीत ओरडून बोलत, कारण यंत्रांच्या खडखडाटात साधं बोलणं पोचत नसे. त्यातले जुने कामगार शेडच्या बाहेर आले तरी ओरडूनच बोलायचे. मी एकदा मॅनेजरना म्हटलं की ह्यांचे कान चाललेत. ते म्हणाले, की सगळ्यांना कापूस दिलाय, हे लोक घालत नाहीत. तेही खरंच होतं. मी पुढचं पत्र घेतलं.

सातपाटीत सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्ही आला. रविवारी सगळा पाडा तिथे जमायचा. मी आणि बहीण दाराशी, उजेडात बसायचो. मी लिहायची, ती एक डोळा पडद्यावर आणि एक वहीवर ठेवून वाचायची. हात भरून यायचा. बायका म्हणायच्या की सिनेमा बघायचा सोडून ही काय गिरमिटते. मला सिनेमा कधी दिसायचाच नाही. एका दुपारी कुठल्यातरी दुसऱ्या भाषेतला सिनेमा लागला आणि चित्राच्या खाली इंग्रजी अक्षरं येऊ लागली. माणूस बोलला की अक्षरं, गप्प झाला की नाही. कुणालाच ती भाषा येत नव्हती, म्हणून हॉल रिकामा झाला. बहीण मात्र उठेना. तिला इंग्रजी जेमतेम यायचं, पण ती त्या अक्षरांकडेच बघत होती. माझा हात धरून म्हणाली, “मराठीला असं का नाय?”

मी रजा काढली आणि तिला घेऊन मुंबईला टीव्ही केंद्रावर गेले. कुणाची ओळख नव्हती. दारावर बराच वेळ बसवून ठेवल्यावर एका अधिकाऱ्याने आत घेतलं. मी त्यांना सांगितलं, की मी बोलण्याच्या वेगाने लिहू शकते, मराठी आणि इंग्रजी. बातम्या देणारा बोलेल तसं मी लिहीन, ते अक्षरात करून कसं दाखवायचं हे तुमच्या लोकांना ठाऊक असेल. त्यांना पटेना म्हणून मी त्यांनाच बोलायला सांगितलं. ते काहीतरी हवामानाबद्दल, चर्चगेटच्या गर्दीबद्दल बोलले. बहिणीने माझ्या वहीतून ते शब्द न शब्द मोठ्याने वाचून दाखवलं. तिचा तो सपाट, चढा आवाज त्या खोलीत भरला, आणि शेजारच्या टेबलांवरची माणसं लिहायची थांबली.

अधिकाऱ्यांनी चहा मागवला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारलं की मराठी बोलण्याखाली मराठी अक्षरं आली तर ज्यांना ऐकू येतं त्यांना त्याचा त्रास नाही का होणार. आणि बहिरे लोक मुळात टीव्ही कशाला बघतील. मी म्हटलं, ही बघते. ते तिच्याकडे बघून हसले, मग म्हणाले, “बाई, तुमचं म्हणणं चूक नाही. पण असं पदच नाही. पद नाही तर मी तुम्हाला नेमू कुठे?”

बहीण माझ्या वहीकडे बघत होती. मी ते लिहिलं. तिने वाचलं आणि चहा संपवला.

पुढे मुंबईतल्या एका मूकबधिर शाळेतही मी विचारून आले. तिथल्या बाई म्हणाल्या, की आमची मुलं जन्मापासून बहिरी. त्यांनी आवाज ऐकलेलाच नाही, तर आवाजाच्या रेघा त्यांना काय सांगणार. हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझी विद्या एका माणसापुरती होती. ज्याचे कान आधी होते आणि मग गेले, आणि ज्याने वर्षभर माझ्याजवळ बसून रेघा गिरवल्या, अशाच माणसापुरती.

काही वर्षांनी टीव्हीवर बहिऱ्यांसाठी बातम्या सुरू झाल्या. पाड्यातल्या लोकांनी आम्हाला मुद्दाम येऊन सांगितलं. आई नटून बसल्यासारखी टीव्हीपुढे बसली. तोवर आमच्या घरी छोटा टीव्ही आला होता. पडद्यावर एक बाई भराभर हात हलवून बातम्या सांगत होती. बहीण टक लावून बघत होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे. तिला त्या खुणा कुणी कधी शिकवल्याच नव्हत्या. आई मला म्हणाली, की विचार तिला, कळतंय ना. मी लिहिलं. बहिणीने आईकडे बघून मान हलवली. आईने समाधानाने डोळे पुसले. बहिणीला एक अक्षर कळलेलं नव्हतं. हे तिने मला नंतर, भांडी घासताना सांगितलं.

तिला स्थळ आलं ते तारापूरच्या पलीकडच्या एका बंदरावरून. मुलगा बोटीवर जाणारा, पहिली बायको वारलेली, शांत. तिने हो म्हटलं. आईने तर देवाला नवस फेडले. मला एकच विचारायचं होतं, की तिथे तुझ्यासाठी कोण लिहील. पण ते विचारून मी तिला देणार काय होते? घरी ठेवून घेऊन तिला म्हातारी करणार होते? तिच्या नवऱ्याला सहीपुरती अक्षरं यायची. मी त्याला म्हटलं, की काही सांगायचं असेल तर तिच्या समोर उभं राहून सावकाश बोला. त्याने मान डोलावली आणि त्याच्या परीने तसं केलंही. पण माणसं दिवसभर एकमेकांच्या समोर उभी राहून बोलत नाहीत.

बाळंतपणाला ती माहेरी आली. दुपारी कळा सुरू झाल्या आणि आम्ही तिला पालघरच्या दवाखान्यात नेलं. मी नर्सला सांगितलं, की हिला ऐकू येत नाही, मला आत येऊ द्या, तुम्ही बोलाल ते मी लिहून दाखवीन. नर्स घाईत होती. दोन बायका आधीच आत होत्या. तिने माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं आणि म्हणाली, “इथे लिहायचं काय काम? मी सांगते तिला.” दार लागलं.

दाराशी मला आतलं सगळं ऐकू येत होतं. नर्स ओरडत होती, जोर लाव, आता नको, थांब, श्वास घे. मग आणखी मोठ्याने. मग दुसरी एक बाई चिडून म्हणाली, की ही ऐकत का नाही. मी दारावर थापा मारल्या. एका वॉर्डबॉयने मला बाजूला केलं. माझी पेन्सिल वहीवर चालत होती. नर्सचं एकेक वाक्य मी टिपत होते आणि ज्या एका माणसाला ते वाचता आलं असतं, ते माणूस दाराच्या त्या बाजूला होतं. आई बाकावर बसून मला म्हणत होती, अगं बस, अगं बस.

मुलगा झाला. धडधाकट होता. बहिणीच्या अंगाला बरेच टाके पडले, ती बरेच दिवस उठू शकली नाही. मला आत सोडलं तेव्हा ती पांढरी पडली होती. तिने आधी बाळाच्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “रडला?” मी वहीत लिहिलं, रडतोय. मग तिने विचारलं, कसा. तिला ते रडणं कसं दाखवायचं, ते कुठल्या रेघेत बसवायचं, हे मला सुचेना. सर म्हणाले होते आवाज लिहायचा.

सासरी गेल्यावर ती झोपताना पोराच्या पायाला आणि स्वतःच्या मनगटाला एक दोरी बांधायची. तो हलला की तिला जाग यायची. तिनेच ती युक्ती काढली होती. मी त्यात काही नव्हते.

कारखान्यात मालकांचा मुलगा परदेशात शिकून आला आणि ऑफिस बघू लागला. एक दिवस माझी वही टेबलावर उघडी होती. ती बघून तो म्हणाला, की हे अजून चालतं? मग आठवून सांगायला लागला, की अमेरिकेत शॉर्टहँडवाले टीव्हीसाठी काम करतात. एक लहान यंत्र असतं, त्याच्या कळा एकदम दाबायच्या, आणि बातम्या चालू असतानाच पडद्याखाली शब्द उमटतात. बहिऱ्यांसाठी. ज्याला हवेत त्यालाच ते दिसतात, बाकीच्यांना नाही. त्याला क्लोज्ड कॅप्शनिंग म्हणतात. त्याने ते गंमत म्हणून सांगितलं आणि फोन उचलला. मी उभीच राहिले. टीव्ही केंद्रावरच्या त्या साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणीतरी कधीच शोधून ठेवलं होतं. त्या कामाला नाव होतं. ते करणाऱ्या बायका होत्या, सकाळी डबा घेऊन ते करायला जात असतील.

मी त्याला पुन्हा विचारलं. तो चांगला मुलगा होता, त्याने तिकडच्या मित्राकडून माहिती काढली. यंत्र तिकडेच मिळतं, शिकायला काही वर्षं लागतात, तिकडच्या शाळेत, तिकडच्या इंग्रजीत. इथे तसं काही नाही. “अभी तो यहाँ कुछ नहीं है,” तो म्हणाला, “होगा कभी.” मला वाईट वाटू नये म्हणून त्याने ते हळू आवाजात सांगितलं. मी थँक्यू म्हटलं.

वर्ष-दीड वर्षात ऑफिसात कॉम्प्युटर आले. साहेब लोक आपली पत्रं आपणच टाइप करू लागले. डिक्टेशन बंद झालं. मला आवक-जावक टपालाच्या टेबलावर बसवलं. हातात पेन्सिल नुसती पत्ते खोडायला.

आई गेली तेव्हा बहीण आली. सुतकाचे दिवस होते तोवर घर माणसांनी भरलेलं होतं. माणसं आईच्या गोष्टी सांगत होती. बाजारात तिने कुणाला कसं झापलं, वादळात बाबांची बोट परतली नव्हती तेव्हा ती बंदरावर कशी उभी राहिली. मी सवयीने वही घेऊन बहिणीच्या जवळ बसले आणि लिहू लागले. ती वाचू लागली आणि अडली. एका रेघेवर बोट ठेवलं, ओठ हलवले, सोडून दिलं. पुढची रेघ. तोवर बोलणारा फार पुढे गेला होता.

“विसरले मी,” ती म्हणाली. “किती वर्सं झाली.”

मी मग साध्या अक्षरात लिहायला घेतलं. साध्या अक्षरात माणसाच्या बोलण्यामागे धावता येत नाही. चार वाक्यांतलं एक हाती लागायचं, तेही अर्धं. ती ते वाचून मान हलवायची. समोर सगळे आईची नक्कल ऐकून हसत होते, आणि आमच्या वहीत आई नुसती ‘बाजारात’ होती.

आता मी पालघरला कचेरीजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात बसते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिली, ती मी घेतली. लोक अर्ज, प्रतिज्ञापत्रं करून घ्यायला येतात. बहीण सुकी मासळी घेऊन मनोरच्या बाजाराला जाते तेव्हा वाटेत दुकानात थांबते. मुलगा बरोबर असतो. तो आता बराच वाढलाय, आणि आईशी बोलायची त्याची स्वतःची रीत आहे, काही हाताने, काही तोंडाने. मला त्यातलं अर्धंच कळतं.

परवा ती बसली होती तेव्हा दुकानात जमिनीच्या कागदावरून दोन भावांचं भांडण लागलं. मग ते रडले, मग एकमेकांचे हात धरून चहा प्यायला गेले. बराच वेळ ते चाललं होतं. बहीण सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. शेवटी तिने मुलाच्या दंडाला हात लावून विचारलं, की काय झालं.

“काय नाय, आये,” तो म्हणाला.

तिने मान हलवली, टोपली उचलली आणि दोघं एसटीकडे गेली. माझ्यापुढे कुणाचा तरी अर्ज अर्धा राहिला होता, तो मी पुरा केला.